कॅन्सरवरची ‘मापाची’ लस: कुणी, कधी आणि कुणाला विचारायची

पेशंटचं ऑपरेशन अजून व्हायचं असेल, तर खालची तिसरी पायरी आधी वाचा आणि मग इथे परत या. बाकीच्यांनी क्रमाने वाचलं तरी चालेल.

मी डॉक्टर नाही. माझ्या मोठ्या दिरांना आतड्याचा कॅन्सर झाला तेव्हा त्यांची फाइल सांभाळायचं काम माझ्याकडे आलं. दीर बरे झाले, पण ते काम काही सुटलं नाही. ओळखीत कुणाच्या घरी बायोप्सीचा रिपोर्ट आला की मला फोन येतो. अलीकडे त्या फोनवर एक प्रश्न हमखास असतो: “ती प्रत्येकासाठी वेगळी बनवतात, ती लस कुठे मिळेल?” डिसेंबर २०२४ मध्ये रशियाने मोफत लस देणार म्हणून जाहीर केलं, तेव्हापासून तर विचारूच नका.

मी हे लिहितेय तेव्हा तरी गाठीच्या जनुकांवरून बनवलेली अशी लस भारतात, अमेरिकेत किंवा युरोपात मंजूर होऊन बाजारात विकत मिळत नाही. मिळालीच तर क्लिनिकल ट्रायलमधून, म्हणजे औषध पेशंटवर तपासून बघणाऱ्या प्रयोगातून मिळते. रशियाच्या घोषणा बऱ्याच झाल्या, पण लस घेतलेले आणि न घेतलेले पेशंट शेजारी ठेवून मोजलेले मोठ्या ट्रायलचे आकडे काही जगासमोर आलेले नाहीत. एवढं सांगून फोन ठेवला की समोरच्याला वाटतं, ताईंनी टाळलं. म्हणून हे सविस्तर.

पायरी १: ‘लस’ शब्दाचा घोळ निस्तरून घ्या

आपल्या डोक्यात लस म्हणजे रोग होऊ नये म्हणून बाळाला टोचतात ती. कॅन्सरच्या बाबतीत या एका शब्दाखाली तीन-चार वेगळ्या गोष्टी येतात आणि निम्मी दिशाभूल तिथेच होते.

एक म्हणजे खरोखरच प्रतिबंधक लस. गर्भाशयमुखाच्या कॅन्सरला कारण ठरणाऱ्या एचपीव्ही विषाणूवरची लस ही त्यातली. पुण्याच्या सीरम इन्स्टिट्यूटची ‘सर्वाव्हॅक’ हीच. हिपॅटायटिस बीची लस यकृताच्या कॅन्सरचा धोका कमी करते, तीही याच जातीची. या निरोगी माणसाला द्यायच्या. झालेला कॅन्सर त्यांनी बरा होत नाही. घरातल्या मुलींना एचपीव्हीची लस जरूर द्या, पण ती आईच्या उपचाराच्या खात्यात धरू नका.

दुसरी आपल्या सगळ्यांच्या दंडावर जिचा व्रण आहे, ती बीसीजी. मूत्राशयाच्या वरवरच्या कॅन्सरमध्ये ती नळीने थेट मूत्राशयात सोडतात. तिने तिथली प्रतिकारशक्ती चवताळून उठते. १९७६ पासून हा उपाय माहीत आहे आणि आजही चालतो. ही उपचाराची लस झाली, पण सगळ्यांना एकच.

तिसरी आपल्या विषयाची. एका माणसाच्या गाठीवरून त्या एकाच माणसासाठी बनवलेली.

आणि आयआयटी मुंबई व टाटा मेमोरियलच्या कामातून आलेली, ऑक्टोबर २०२३ मध्ये मंजूर झालेली ‘नेक्सकार१९’ ही लस नव्हेच. ती रक्ताच्या काही कॅन्सरवरची कार-टी पेशींची थेरपी, म्हणजे पेशंटच्या टी-पेशी (रोगाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) काढून, बदलून परत देणं. बातम्यांमध्ये या सगळ्याची मिसळ होते, म्हणून कुणी बातमी पाठवली की मी आधी विचारते, यातली कुठली?

पायरी २: ती बनते कशी, हे ढोबळ समजून घ्या

रेडिमेड ब्लाउज आणि माप देऊन शिवलेलं ब्लाउज यात जो फरक, तोच इथे. माप घ्यायचं गाठीच्या तुकड्यावरून.

कॅन्सरच्या पेशी आपल्याच पेशींतून बिघडून तयार होतात, म्हणून शरीराचे पहारेकरी त्यांना घरचेच समजून सोडून देतात. पण बिघडताना त्यांच्या जनुकांत बदल होतात आणि त्यामुळे काही प्रथिनांचे तुकडे वेगळे बनतात. निरोगी पेशींवर ते नसतात. त्यांना ‘निओअँटिजेन’ म्हणतात. हे बदल प्रत्येक पेशंटमध्ये जवळपास वेगळेच असतात. शेजारच्या खाटेवरच्या माणसालाही तोच कॅन्सर, तीच स्टेज असली तरी त्याची लस तुमच्या उपयोगाची नाही.

प्रयोगशाळेत गाठीचा तुकडा आणि पेशंटचं रक्त, दोन्हींचं जनुकीय वाचन करतात. रक्त कशाला? तर मूळचं काय होतं आणि बिघडलं काय, हे ताडून पाहायला. मग पेशंटचा ‘एचएलए’ प्रकार बघतात. किडनी बदलताना जुळवून बघतात तोच हा. पेशी आपल्या आतले प्रथिनांचे तुकडे बाहेर ज्या तबकात मांडून दाखवते, ते तबक म्हणजे एचएलए, आणि प्रत्येकाचं तबक निराळ्या आकाराचं. कुठला बिघडलेला तुकडा या माणसाच्या तबकात बसेल आणि टी-पेशींच्या नजरेत भरेल, याचा अंदाज संगणक बांधतो. हा अंदाजच असतो, हे ध्यानात ठेवा. पुढे आकड्यांत त्याची किंमत दिसेल.

निवडलेले तुकडे एका एमआरएनएत, म्हणजे कुठलं प्रथिन बनवायचं ते पेशीला सांगणाऱ्या निरोपात, गुंफतात. मॉडर्ना आणि मर्क यांच्या लसीत असे जास्तीत जास्त ३४, तर बायोएनटेक आणि जेनेंटेक यांच्या लसीत २०. कोविडच्या वेळी एमआरएनए हा शब्द घरोघरी पोचला, तेच तंत्र. मॉडर्नाची लस दर तीन आठवड्यांनी, जास्तीत जास्त ९ वेळा दंडात देतात, बायोएनटेकची शिरेतून. दोन्हींबरोबर बहुधा एखादं इम्युनोथेरपीचं औषध असतंच. लस एकटी क्वचितच देतात, कारण लस टी-पेशींना चेहरा ओळखायला शिकवते, पण गाठीने त्यांचा ब्रेक दाबून धरलेला असतो. तो सोडवायचं काम त्या दुसऱ्या औषधाचं.

माप घेतल्यापासून लस हातात यायला साधारण दीड-दोन महिने लागतात. स्वादुपिंडाच्या कॅन्सरच्या एका ट्रायलमध्ये ऑपरेशनपासून पहिल्या डोसपर्यंत सुमारे ९ आठवडे गेले होते. अंगात झपाट्याने पसरत असलेल्या रोगाला तेवढा धीर नसतो. म्हणूनच आजच्या बऱ्याचशा ट्रायल गाठ पूर्ण काढलेल्या, पण परत येण्याचा धोका असलेल्या पेशंटसाठी आहेत.

पेशंटच्याच पेशी काढून, तयार करून परत देण्याची जुनी पद्धतही आहे. प्रोस्टेट कॅन्सरवरची ‘प्रोव्हेंज’ अमेरिकेत २०१० मध्ये मंजूर झाली. तेव्हा तीन डोसांना सुमारे ९३ हजार डॉलर, आणि आयुष्यात सरासरी भर सुमारे चार महिन्यांची. डेन्ड्रिटिक पेशींवर (टी-पेशींना शत्रू दाखवून देणाऱ्या पेशी) आधारलेल्या एका उपचाराला भारतातही २०१७ मध्ये मंजुरी मिळाली आहे. या पेशी शोधणारे राल्फ स्टाइनमन यांना स्वतःलाच स्वादुपिंडाचा कॅन्सर झाला. त्यांनी आपल्याच पेशींचे प्रयोग स्वतःवर करून घेतले आणि चार वर्षांहून जास्त जगले. ३० सप्टेंबर २०११ ला गेले, आणि तीन दिवसांनी त्यांचं नोबेल जाहीर झालं. ती जास्तीची वर्षं लसीमुळे मिळाली की कशामुळे, हे एका माणसावरून सांगता येत नाही. माझ्याकडे येणाऱ्या ‘अमक्याचे काका बरे झाले’ या कहाण्यांनाही मी हेच म्हणते.

पायरी ३: ऑपरेशनच्या आधी तुकड्याची सोय लावा

लेखातली सगळ्यात कामाची पायरी ही, आणि सगळ्यात दुर्लक्षितही हीच.

काढलेली गाठ फॉर्मॅलिनमध्ये टाकतात, मग तिचे तुकडे मेणाच्या लहान ठोकळ्यांत बसवतात. त्याला सगळे ‘ब्लॉक’ म्हणतात. ब्लॉकवरून पातळ काप घेऊन ‘स्लाइड’ करतात. पुढच्या सगळ्या तपासण्या या ब्लॉकवर चालतात. काही ट्रायलना ब्लॉक चालतो, काहींना ताजा, लगेच गोठवलेला तुकडा लागतो. ताजा हवा असेल तर ऑपरेशन थिएटरमध्येच तयारी हवी. फॉर्मॅलिनमध्ये पडलेला तुकडा पुन्हा ताजा होत नाही.

म्हणून ऑपरेशनची तारीख मिळाली की सर्जनना सरळ विचारा: “या कॅन्सरसाठी आमच्या बाबतीत एखादी ट्रायल विचारात घेण्यासारखी आहे का? असेल तर तुकडा कसा ठेवायचा?” बहुतेक वेळा उत्तर ‘नाही’ असेल. असू दे. विचारायला एक मिनिट लागतं.

केमो किंवा लाइट (रेडिएशन) आधी देणार असतील, तर आधीच्या बायोप्सीचा ब्लॉकही जपा. उपचारानंतर गाठ कधीकधी इतकी विरघळते की माप घ्यायला काही उरत नाही. ही आनंदाचीच बातमी, पण ट्रायलच्या दृष्टीने जुना ब्लॉक तेव्हा सोन्यासारखा.

आमचा अनुभव सांगते. दिरांचं ऑपरेशन एका ठिकाणी, केमो दुसरीकडे. दुसऱ्या ठिकाणी ब्लॉक मागितला आणि पहिल्या ठिकाणच्या लॅबने आधी सांगितलं, रिपोर्ट दिलाय ना, ब्लॉक कशाला? मग म्हणाले स्टोअरमध्ये आहे. मग स्टोअरवाला सुट्टीवर. सतरा दिवस गेले. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, डिस्चार्जच्या दिवशीच ब्लॉकचा नंबर रिपोर्टवरून वहीत उतरवून घ्या, तो किती वर्षं ठेवतात ते विचारा, आणि हातात मिळाला तर डब्यात घालून थंड, कोरड्या जागी ठेवा. उन्हात तापलेल्या गाडीच्या डॅशबोर्डवर नको. मेण आहे ते.

वेळेचंही गणित आहे. मेलानोमाच्या (त्वचेच्या एका कॅन्सरच्या) ज्या ट्रायलचं पुढे सांगणार आहे, तिच्यात ऑपरेशननंतर साधारण तीन महिन्यांच्या आत उपचार सुरू होणं आवश्यक होतं. सहा महिन्यांनी बातमी वाचून धावपळ केली तर दार बंद झालेलं असतं.

पायरी ४: आकडे स्वतः वाचायला शिका

‘लसीने धोका ४४ टक्क्यांनी कमी’ हे तुम्ही वाचलं असेल. हा आकडा मॉडर्ना-मर्कच्या ट्रायलचा. त्वचेच्या मेलानोमाचे, गाठ काढलेले पण धोका मोठा असलेले १५७ पेशंट. १०७ जणांना लस आणि पेम्ब्रोलिझुमॅब (ब्रेक सोडवणारं इम्युनोथेरपीचं औषध), ५० जणांना नुसतं पेम्ब्रोलिझुमॅब. दीड वर्षानंतर रोग परत न आलेले पहिल्या गटात सुमारे ७९ टक्के, दुसऱ्यात ६२ टक्के.

आता हे शंभर माणसांवर मांडून बघा. ६२ जण लसीशिवायही त्या दीड वर्षात ठीकच होते. २१ जणांना लस देऊनही रोग परत आला किंवा त्यांचा मृत्यू झाला. मधले १७ हे लसीच्या खात्यावर. हा फायदा लहान नाही. तीन वर्षांच्या पाहणीतही तो टिकून होता. पण पेशंट १५७च, त्यामुळे आकड्यात योगायोगाला अजून जागा आहे. म्हणून हजारावर पेशंट घेऊन पुढची ट्रायल सुरू झाली. आणि मेलानोमा हा गोऱ्या कातडीचा, उन्हाने होणारा, आपल्याकडे तसा विरळा कॅन्सर. उन्हाने जनुकांत इतकी मोडतोड होते की माप घ्यायला भरपूर काही मिळतं. सगळ्या कॅन्सरमध्ये तशी चंगळ नसते.

स्वादुपिंडाचं उदाहरण मला जास्त शिकवून गेलं. न्यूयॉर्कच्या मेमोरियल स्लोन केटरिंगमध्ये विनोद बालचंद्रन यांच्या पथकाने १६ जणांना लस दिली. २०२३ मध्ये निष्कर्ष छापले. ८ जणांच्या शरीराने लसीला दाद दिली, ८ जणांच्या नाही. संगणकाचा अंदाज म्हटलं ते हेच. तीन वर्षांहून जास्त पाहणीनंतर दाद दिलेल्या ८ पैकी दोघांनाच रोग परत आला. दाद न दिलेल्यांमध्ये निम्म्या जणांना साधारण १३ महिन्यांच्या आत. स्वादुपिंडाचा कॅन्सर ज्यांनी घरात पाहिलाय, त्यांना हे वाचून अंगावर काटा येईल. तरी एक शंका धरा: ज्यांची प्रतिकारशक्ती मुळातच दणकट, तेच लसीलाही दाद देत असतील आणि तेच एरवीही जास्त टिकले असते. ही शंका फिटते ती चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडल्यावरच. तशी मोठी ट्रायल चालू आहे.

बोस्टनच्या डाना-फार्बरमध्ये किडनीच्या कॅन्सरच्या ९ जणांना अशी लस दिली आणि सुमारे तीन वर्षांनी ९ही जण ठीक होते, असं २०२५ मध्ये छापून आलं. छान. पण ९च, आणि तुलनेला गट नाही.

उलटी बाजूही ऐका. आतड्याच्या पसरलेल्या कॅन्सरवर अशीच लस करू पाहणारी ग्रिटस्टोन ही अमेरिकी कंपनी ऑक्टोबर २०२४ मध्ये दिवाळखोरीत गेली.

त्रासाचं म्हणाल तर लसीचा त्रास बहुतेकांना कोविडच्या इंजेक्शनसारखा: थकवा, थंडी-ताप, दंड दुखणं. जास्त जपायचं ते बरोबरच्या इम्युनोथेरपीला. त्याने थायरॉइड बिघडू शकतं, आतड्याला किंवा फुप्फुसाला सूज येऊ शकते. जुलाब लागले म्हणून परस्पर गोळी घेऊन गप्प बसू नका, लगेच कळवा.

पायरी ५: ट्रायल शोधा

भारतातल्या क्लिनिकल ट्रायलची नोंद ‘सीटीआरआय’ या सरकारी नोंदवहीत होते. २००९ पासून ती सक्तीची आहे. वेबसाइट मोफत आहे. कॅन्सरचं इंग्रजी नाव आणि ‘व्हॅक्सिन’ हा शब्द टाका. प्रत्येक ट्रायलचा क्रमांक ‘सीटीआरआय’ या अक्षरांनी सुरू होतो. परदेशातल्यांसाठी अमेरिकी सरकारची ‘क्लिनिकल ट्रायल्स डॉट गव्ह’. पानावर तीन गोष्टी बघा: भरती चालू आहे का, कुठल्या शहरात, आणि कुणाला घेतात, कुणाला नाही. नोंद आहे म्हणजे औषध सिद्ध झालं असं नव्हे, हे मात्र विसरू नका.

मग ते पान छापून आपल्या ऑन्कॉलॉजिस्टना दाखवा. मोबाइल पुढे करण्यापेक्षा कागद बरा, डॉक्टर त्यावर पेनने खूण करतात. जिल्ह्याच्या गावी असाल तर डॉक्टरांना केस ट्यूमर बोर्डापुढे (वेगवेगळ्या कॅन्सरतज्ज्ञांची एकत्र बैठक) ठेवायची विनंती करा. देशातली शेकडो कॅन्सर केंद्रं नॅशनल कॅन्सर ग्रिडने जोडलेली आहेत. टाटा हॉस्पिटलसाठी परळला किंवा खारघरला जाऊन रात्रभर फुटपाथवर झोपायच्या आधी हे विचारून घ्या.

ट्रायलमध्ये घ्यायचं म्हणाले तर संमतिपत्र मराठीत मागा आणि घरी आणून वाचा. २०१९ च्या नियमांप्रमाणे ट्रायलमुळे इजा झाली तर मोफत उपचार आणि भरपाईची तरतूद आहे, आणि मधेच बाहेर पडायचा हक्कही आहे. ‘नुसत्या दुसऱ्या औषधाच्या गटात चिठ्ठी निघाली तर?’ हे आधीच मनाशी ठरवा. नंतर चिडून उपयोग नाही.

“लंडनला भाचा आहे, तिकडे नेऊ” असं पुष्कळजण म्हणतात. इंग्लंडने २०२४ मध्ये कॅन्सर लसींच्या ट्रायलसाठी खास योजना उभी केली, २०३० पर्यंत १० हजार पेशंटचं लक्ष्य ठेवलं, हे खरं. पण ती तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत उपचार घेणाऱ्यांसाठी. पर्यटक व्हिसावर जाऊन तिच्यात शिरता येत नाही. भाचा स्वतः तिथे राहतो आणि त्यालाच आजार झाला, तर गोष्ट वेगळी. त्याने आपल्या डॉक्टरांना जरूर विचारावं. आतड्याच्या कॅन्सरच्या तिथल्या ट्रायलमध्ये ऑपरेशननंतर रक्तात कॅन्सरचे जनुकीय अंश उरलेत का, हे तपासून मग पेशंट घेतात.

पायरी ६: कुणी पैसे मागितले तर

प्रायोगिक लस ट्रायलमध्ये पेशंटला विकत नाहीत. ‘पर्सनलाइज्ड व्हॅक्सिन, अमुक लाख, अर्धे आगाऊ’ असं कुणी म्हणालं तर त्यांना हे विचारा: औषध नियंत्रकांची मंजुरी कुठल्या कॅन्सरसाठी आहे, तिचं पत्र दाखवा. ट्रायल असेल तर सीटीआरआयचा क्रमांक द्या. एथिक्स कमिटी (पेशंटच्या हिताकडे बघून ट्रायलला परवानगी देणारी समिती) कुठली? तुम्ही माझ्या गाठीचं माप घेणार की नुसतं रक्त? नुसत्या रक्ताच्या पिशवीवर ‘तुमच्यासाठी खास’ असं लिहिलेली गोष्ट पायरी २ मधली लस नव्हे.

माझ्या ओळखीतल्या एका मास्तरांनी पत्नीसाठी प्लॉट विकून असले डोस घेतले. डोसांबरोबर आलेल्या फाइलमध्ये तिच्या गाठीचं नावही चुकीचं होतं. त्या ठिकाणाचं नाव मी इथे घेत नाही.

विम्याचं कलमही वाचून ठेवा. आरोग्य विम्यात ‘अनप्रूव्हन ट्रीटमेंट्स’ (सिद्ध न झालेले उपचार) वगळणारं एक ठरावीक कलम असतं आणि क्लेम तिथे अडकतो. इम्युनोथेरपीला संरक्षण असलं तरी पुष्कळदा वेगळी मर्यादा असते.

पायरी ७: तोवर चालू उपचार सोडू नका

लसीची वाट बघत केमो लांबवणारे मी दोघे पाहिले. दोघांच्याही घरच्यांना आता ते बोलवत नाही.

आज मिळण्यासारखं काय आहे, ते आधी विचारा. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढे गेलेल्या कॅन्सरमध्ये निव्होलुमॅब हे इम्युनोथेरपीचं महागडं औषध नेहमीच्या मात्रेच्या दहाव्या हिश्शाहून कमी, म्हणजे दर तीन आठवड्यांनी फक्त २० मिलिग्रॅम, इतर औषधांसोबत देऊन पाहिलं. एक वर्ष जगणाऱ्यांचं प्रमाण १६ टक्क्यांवरून ४३ टक्क्यांवर गेलं. तंबाखूने तोंडाचा कॅन्सर झालेले आपल्याकडे किती आहेत ते सांगायला नको. ‘आमच्या पेशंटला कमी मात्रेची इम्युनोथेरपी चालेल का?’ हा प्रश्न लसीच्या प्रश्नाच्या आधी वहीत लिहा, आणि त्याखाली ब्लॉकचा नंबर.